‘ऑल थिंग्ज मस्ट पास’: २०१४ चा रिमास्टर ऐकावा की २०२० चा मिक्स?

तिसरी_तार

नमस्कार मंडळी. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा १९७० चा अल्बम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकायला घेतलाय. हाताशी २००१ ची सीडी आहे. स्ट्रीमिंगवर ‘रिमास्टर्ड २०१४’ आणि ‘२०२० मिक्स’ अशी दोन रूपं दिसतात. तिन्ही आलटून पालटून लावली की दर वेळी मत बदलतं. एकदा वाटतं जुनंच खरं, एकदा वाटतं नव्यात जॉर्जचा आवाज कसा समोर येऊन उभा राहिलाय. पण त्याच नव्यात ‘वाह-वाह’ लावलं की वाद्यांची ती सगळी भिंत कुठेतरी विरघळल्यासारखी वाटते.

विचारायचं असं की जुन्या मिक्समधला तो गदगदीत घुमारा रिमास्टर करूनही का जात नाही? या आवृत्त्यांची तुलना प्रामाणिकपणे करायची तर नेमकी कशी? आणि एलपी घ्यायची झाली तर काय बघावं? ‘ॲपल जॅम’चा, म्हणजे तिसऱ्या एलपीवरच्या सुट्या वादनाचा, भाग तूर्त बाजूला ठेवू, प्रश्न मुख्य गाण्यांचा आहे.

---

मंद्रसप्तक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘रिमास्टर’ आणि ‘रिमिक्स’ या दोन शब्दांतच आहे, आणि या अल्बमच्या बाबतीत हा फरक इतर कुठल्याही अल्बमपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

रिमास्टर करणाऱ्याच्या हातात १९७० ची तयार दोन ट्रॅकची स्टिरिओ टेप असते. त्यात आवाज, गिटारी, ड्रम आणि घुमारा एकत्र शिजून गेलेले असतात. तो एकूण बास थोडा कमी-जास्त करेल, खर कमी करेल, पातळी उचलेल. पण आवाजावरचा रिव्हर्ब, म्हणजे तोच घुमारा, वेगळा काढणं त्याला शक्य नाही. भातातून मीठ काढण्यासारखंच ते. २००१ आणि २०१४, दोन्ही या जातीचे. २०२० चा मिक्स मात्र मूळ मल्टिट्रॅक (आवाज-वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या) टेपांवर परत जाऊन केलेला आहे. पॉल हिक्सने तो केला, जॉर्जचा मुलगा धनी हॅरिसन कार्यकारी निर्माता होता. शीर्षकगीताचा नवा मिक्स २७ नोव्हेंबर २०२० ला, अल्बमच्या पन्नाशीला आला आणि पूर्ण संच ६ ऑगस्ट २०२१ ला. म्हणून नावात २०२० आणि बाजारात २०२१.

आता घुमारा मुळात का आहे ते बघा. जॉर्जसोबतचा निर्माता फिल स्पेक्टर, त्याची पद्धतच अशी की एका खोलीत भरपूर माणसं बसवायची, एकच सुरावट चार-पाच वाद्यांवर एकदम वाजवून घ्यायची आणि वर एको चेंबर. इथे रिंगो स्टार आणि जिम गॉर्डन ड्रमवर, क्लाउस वूरमान आणि कार्ल रेडल बासवर, बॉबी व्हिटलॉक, गॅरी राइट आणि बिली प्रेस्टन की-बोर्डवर, क्लॅप्टनची गिटार, बॅडफिंगरची पोरं अकूस्टिक गिटारींवर, शिवाय बॉबी कीजचा सॅक्सोफोन आणि जिम प्राइसचा ट्रम्पेट. सगळे सगळ्या गाण्यांत नाहीत, पण एका टेकला जी गर्दी आहे ती मोठीच. अशा खोलीत ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतोच. त्यात बेसिक टेक ईएमआय स्टुडिओत आठ ट्रॅकवर झाले आणि पुढचं बरंच काम ट्रायडेंटच्या सोळा ट्रॅकवर. आठ ट्रॅकमध्ये एवढी वाद्यं बसवायची म्हणजे तीन-चार वाद्यं एका ट्रॅकवर कायमची एकत्र आली. तेवढी गर्दी रिमिक्स करणाऱ्यालाही सोडवता येत नाही. म्हणून २०२० च्या मिक्समध्येही ‘वाह-वाह’ कोरडं होत नाही. जॉर्जचा आवाज आणि बास वर येतात, बाकी घोळका तसाच मागे राहतो.

‘नव्यात कुणीतरी ढवळाढवळ केली’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. २००१ च्या आवृत्तीसोबतच्या टिपणात खुद्द हॅरिसनने लिहिलंय की तेव्हा योग्य वाटलेला तो घुमारा आता जरा जास्तच वाटतो आणि गाणी त्यातून मोकळी करायचा मोह होतो. तरी त्याने तेव्हा मुख्य अल्बमचा रिमिक्स केला नाही, आहे तेच मिक्स रिमास्टर केले. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. ऑगस्ट १९७० मध्ये स्पेक्टरने हॅरिसनला गाण्यांच्या मिक्सबद्दल लांबलचक पत्र लिहिलं होतं, त्यात ‘अवेटिंग ऑन यू ऑल’मध्ये आवाज फारच गाडला गेलाय अशी तक्रार स्पेक्टरचीच आहे! म्हणजे बुडालेल्या आवाजाचं सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

---

सपाट_ईक्यू

तुलनेबद्दल. दर वेळी मत बदलतं याचं सगळ्यात मोठं कारण पातळी. दोन रूपांत अर्धा-एक डीबीचा फरक असला तरी कानाला तो ‘मोठा’ असा कळत नाही, ‘जास्त स्पष्ट’ किंवा ‘जास्त भरदार’ असा कळतो. म्हणून आधी पातळी जुळवायची, मत नंतर.

सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा मॅकवर एक्सएलडी वापरून सिक्युअर मोडमध्ये फ्लॅकमध्ये उतरवा. ॲक्युरेटरिपमध्ये (इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघणारी यादी) जुळणी दाखवली की फाइल बरोबर उतरली समजायचं. एखाद्या ट्रॅकवर जुळणी आली नाही तर सीडी मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही, आणि तेवढाच ट्रॅक पुन्हा उतरवा. उतरवताना ‘नॉर्मलाइझ’चा पर्याय बंद हवा. तो चालू राहिला तर पातळीचे सगळे आकडे खोटे पडतात.

मग फूबार२००० मध्ये रीप्लेगेन स्कॅन करा किंवा कुठल्याही लाउडनेस मीटरने पूर्ण गाण्याचा इंटिग्रेटेड एलयूएफएस (सरासरी जाणवणारी पातळी) आकडा घ्या. समजा एक फाइल उणे १०.८ आली आणि दुसरी उणे १३.१, तर पहिली २.३ डीबीने खाली आणायची. मोठी खाली आणायची, लहान वर न्यायची नाही. लहान वर नेली तर तिची शिखरं शून्याच्या वर जाऊन कापली जातात आणि जी आवृत्ती मुळात मोकळी होती तीच खरखरीत ठरते. जुळणी ०.२ डीबीच्या आत हवी.

रिमास्टर विरुद्ध रिमास्टर असेल तर एवढं पुरतं. रिमास्टर विरुद्ध रिमिक्स असेल तर एक पेच आहे. नव्या मिक्समध्ये आवाज आणि बास मुळातच वर आहेत. पूर्ण गाण्याची पातळी जुळवली तर जॉर्ज नव्यात मोठा ऐकू येणार, आणि ते बरोबरच आहे, कारण फरक तोच आहे. पण गायकी, श्वास, शब्दफेक यांची तुलना करायची असेल तर आवाजाची एकच ओळ घेऊन ती दोन्हींत सारखी करा आणि बाकी बँड कुठे जातो ते बघा. दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळ्या जुळण्या लागतात. एकच जुळणी दोन्हीला वापरली की गोंधळ होतो.

२००१ आणि २०१४ यांच्यात खरंच फरक कळतोय का हे बघायला एबीएक्स (कुठली फाइल वाजतेय ते न बघता ओळखायची चाचणी) करा. सोळा फेऱ्या, बारा किंवा जास्त बरोबर आल्या तर कळतोय म्हणायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने तेवढ्या बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. २०२० च्या मिक्ससाठी एबीएक्स करू नका. तो दोन सेकंदांत ओळखू येतो, त्यातून काही सिद्ध होत नाही.

एक फाइल उलटी करून दुसरीत मिसळायची ती नल टेस्ट मात्र इथे चालणार नाही. ॲनलॉग टेप वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या मशीनवर वाजवली की वेगात बारीक फरक पडतोच. ०.१ टक्का फरक धरला तरी ‘माय स्वीट लॉर्ड’च्या साडेचार मिनिटांत दोन्ही फाइली पाव सेकंदाहून जास्त सरकतात. उरलेला आवाज हा मास्टरिंगचा फरक नसून निव्वळ सरकलेपणा असतो, आणि लोक त्यालाच ‘हरवलेले तपशील’ म्हणून दाखवतात.

स्ट्रीमिंगवर ऐकताना: स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला पातळी आणतं, पण पूर्ण अल्बम क्रमाने लावला तर अख्ख्या अल्बमला एकच गेन आणि प्लेलिस्टमधून सुटं गाणं लावलं तर त्या गाण्याचा वेगळा. त्यामुळे दोन्ही रूपं एका प्लेलिस्टमध्ये शेजारी टाकूनच तुलना करा. आवाजाच्या पातळीचा पर्याय ‘लाउड’वर असेल तर ‘नॉर्मल’वर आणा, ‘लाउड’मध्ये शिखरं दाबणारा लिमिटर मध्ये येतो. आणि प्रत्येक गाण्यापुढे ‘२०२० मिक्स’ की ‘रिमास्टर्ड २०१४’ ते वाचा. शोधातून येणारं गाणं आणि अल्बमच्या पानावरचं गाणं एकच असेल असं गृहीत धरू नका.

---

तिसरी_तार

मंद्रसप्तक, सपाट_ईक्यू, दोघांचेही आभार. पातळीचा मुद्दा पटला. मग पुढचा प्रश्न: कुठली गाणी लावून बघावी? आणि जुना मिक्सच ठेवून ईक्यूने आवाज थोडा पुढे आणता येतो का?

---

मंद्रसप्तक

तीन-चार गाणी पुरेत.

‘ॲपल स्क्रफ्स’ पहिलं. अकूस्टिक गिटार, हार्मोनिका आणि मागचे आवाज, गर्दी नाही. मास्टरिंगमधला टोनचा फरक इथे लगेच पकडता येतो. हार्मोनिका टोचत असेल तर तीन-चार किलोहर्ट्झ उचललेले आहेत.

‘लेट इट डाउन’ डायनॅमिक्ससाठी. सुरुवात अंगावर येते आणि मग कडवं एकदम खाली उतरतं. ते उतरणं हाच त्या गाण्याचा प्राण आहे. जास्त दाबलेल्या मास्टरिंगमध्ये कडवं खाली जातच नाही, दोन्ही भाग एकाच उंचीवर चालतात. पातळी जुळवून फक्त तो सांधा पाच वेळा ऐका. आकडे बघण्यापेक्षा हे सोपं आणि जास्त खरं.

‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’मध्ये पीट ड्रेकची पेडल स्टील ऐका. सूर सोडल्यावर त्याची शेपटी कुठवर ऐकू येते ते बघा.

आणि ‘माय स्वीट लॉर्ड’. इथे मराठी कानाला एक फायदा आहे. गाण्याच्या उत्तरार्धात ‘हालेलुया’ मागे पडून ‘हरे कृष्ण’ सुरू होतं, आणि त्याच कोरसमध्ये पुढे ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ हा श्लोकही येतो. अल्बमवर कोरसला ‘जॉर्ज ओहारा-स्मिथ सिंगर्स’ असं भारदस्त नाव दिलंय, पण ते हॅरिसनचेच एकावर एक चढवलेले आवाज. श्लोक पाठ असला की मेंदू गाळलेली अक्षरं आपोआप भरून काढतो, म्हणून ‘ऐकू आला’ एवढ्यावर थांबू नका. ‘गुरुर्देवो महेश्वरः’मधला ‘र्दे’ आणि ‘तस्मै श्रीगुरवे नमः’मधला ‘श्री’ ही जोडाक्षरं प्रत्यक्ष उच्चारलेली ऐकू येतात का, की नुसता स्वर येतो, ते बघा. व्यंजनं दोन ते पाच किलोहर्ट्झमध्ये राहतात आणि घुमाऱ्याने पहिला बळी त्यांचाच जातो. मिक्सची स्पष्टता तपासायला याहून चांगली जागा या अल्बममध्ये नाही.

---

सपाट_ईक्यू

ईक्यूने आवाज पुढे आणता येतो, पण साध्या ईक्यूने नाही. साधा ईक्यू आवाज आणि त्याच्यावरचा घुमारा दोघांनाही सारखाच उचलतो. मिड-साइड जमणारा पॅरामेट्रिक ईक्यू घ्या. मिड म्हणजे डावं-उजवं मिळून जे मध्यभागी आहे ते, साइड म्हणजे दोन्हींतला फरक. मुख्य आवाज मध्यात आहे, घुमाऱ्याचा मोठा भाग कडांना पसरलेला आहे. त्यामुळे दोघांना थोडंफार वेगळं हाताळता येतं.

सुरुवात अशी करा: मिडमध्ये २.५ किलोहर्ट्झला रुंद उठाव, क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) ०.८, फक्त १.५ डीबी. साइडमध्ये ३०० हर्ट्झच्या आसपास रुंद उतार, क्यू ०.७, २ डीबी. प्रीॲम्प २ डीबी खाली, नाहीतर उठावामुळे शिखरं कापली जातील. एवढंच.

पूर्ण मिडचा गेन वाढवू नका, फक्त तो पट्टा. बास आणि किक ड्रमही मध्यातच असतात, सगळा मिड उचलला की तेही वर येतात आणि गदगद वाढते. साइडचा उतार ३ डीबीच्या पुढे नेलात तर कडेच्या अकूस्टिक गिटारी अंग चोरून मध्यात येतात आणि ‘माय स्वीट लॉर्ड’ची सुरुवातच बेचव होते. ती पसरलेली खणखण हवीच.

खोलीकडेही लक्ष द्या. स्पीकर भिंतीला चिकटलेले असतील तर २०० हर्ट्झच्या खालचं सगळं फुगतं आणि दोष रेकॉर्डिंगच्या माथी जातो. मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे आणा, दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, मग १९७० चा मिक्स पुन्हा ऐका. हा अल्बम घुमणाऱ्या खोलीत सगळ्यात जास्त मार खातो, कारण घुमाऱ्यावर घुमारा चढतो. हेडफोनवर उलट होतं: खोली निघून जाते पण टेपवरचा रिव्हर्ब उघडा पडतो. तुलना करताना दोन्ही रूपं एकाच साधनावर ऐकायची.

आवाज फार बारीक ठेवूनही निकाल देऊ नका. कमी आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. नव्या मिक्समध्ये बास वर असल्याने कमी आवाजात तो आपोआप जिंकतो, मोठ्या आवाजात तोच कधी कधी जड वाटतो.

---

सुई_आणि_खाच

एलपीबद्दल. या अल्बमची बाजूंची लांबी चांगली आहे, पहिली बाजू सुमारे २० मिनिटांची, त्यामुळे कटिंगला जागा मिळते. अडचण गाण्यांच्या क्रमात आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘इझन्ट इट अ पिटी’ येतं, सात मिनिटांचं, हळूहळू वाढत जाऊन शेवटी पूर्ण वाद्यवृंद आणि कोरस. म्हणजे सगळ्यात दाट आवाज सगळ्यात आतल्या खाचेत. ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. सुई साधी गोलाकार असेल तर शेवटची दोन मिनिटं फाटल्यासारखी वाजतात आणि लोक प्रेसिंगला शिव्या देतात.

आधी कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) मांडणी तपासा. बेअरवाल्ड मांडणीत प्रोट्रॅक्टरचे (कार्ट्रिजचा कोन तपासायच्या मापपट्टीचे) दोन शून्यबिंदू ६६ आणि १२०.९ मिलिमीटरला असतात, दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजची बाजू रेषांना समांतर हवी. ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे सुईचा दाब, उत्पादकाने दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे ठेवा. खालच्या टोकाला ठेवून ‘रेकॉर्ड वाचवतो’ म्हणणं चूक आहे, कमी दाबाने सुई उडते आणि उडणारी सुई खाच जास्त कुरतडते. मायक्रोलाइन किंवा शिबाटा घडणीची सुई असेल तर ही बाजू खूपच सुधारते.

याच्या उलट दुसरी बाजू ‘रन ऑफ द मिल’वर संपते, छोटं आणि तुलनेने हलकं गाणं. जुनी प्रत विकत घेताना पहिल्या बाजूचा शेवट आणि चौथ्या बाजूचं ‘हिअर मी लॉर्ड’ वाजवून बघा. तिथे स्वच्छ असेल तर बाकी ठिकाणी बहुधा ठीकच असते. दुसरी बाजू ऐकवून विकणाऱ्यावर लगेच विश्वास टाकू नका.

अजून एक. एलपीवरून उतरवलेल्या फाइलचा डीआर (डायनॅमिक रेंज) आकडा सीडीपेक्षा मोठा आला म्हणून तिचं मास्टरिंग मोकळं ठरत नाही. तेच मास्टर एलपीवर कापून परत उतरवलं तरी फेज बदलल्यामुळे शिखरं उंच होतात आणि आकडा दोन-तीनने वाढतो. आकडे सीडी विरुद्ध सीडी असेच बघा.

---

मंद्रसप्तक

एकच ठेवायचं झालं तर काय? माझं मत २०१४ कडे आहे, आणि कारण ‘वाह-वाह’. त्या गाण्यात आवाज बँडशी झुंजत वर येतो. नव्या मिक्समध्ये त्याला झुंजावं लागत नाही, म्हणून गाणं नीटनेटकं होतं पण लहान होतं. याउलट ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’ आणि ‘रन ऑफ द मिल’ मी नव्या मिक्समध्येच ऐकायला सांगेन. तिथे शब्द जवळ येणं हेच सगळं आहे.

---

सपाट_ईक्यू

मंद्रसप्तक, तुमच्याशी अर्धा सहमत. ‘वाह-वाह’ मान्य. पण ‘अवेटिंग ऑन यू ऑल’ आणि ‘आर्ट ऑफ डाइंग’ही नव्या यादीत घ्या. जुन्या मिक्समध्ये ‘आर्ट ऑफ डाइंग’चे शब्द वाद्यांच्या गदारोळात पकडावे लागतात, आणि त्या गाण्याचे शब्द पकडण्यासारखे आहेत.

तिसरी_तार, निर्णयाआधी एक करा. २०२१ च्या मोठ्या संचात २६ आणि २७ मे १९७० ची डेमो रेकॉर्डिंग आहेत, दोन दिवसांची प्रत्येकी पंधरा गाणी. पहिल्या दिवशी सोबत रिंगो आणि वूरमान आहेत. दुसऱ्या दिवशी हॅरिसन एकटा गिटार घेऊन स्पेक्टरला गाणी ऐकवतोय. त्या दुसऱ्या दिवसात ‘वाह-वाह’, ‘लेट इट डाउन’, ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’, ‘आर्ट ऑफ डाइंग’ ही चारही आहेत. आधी डेमो ऐका, लगेच २०१४, मग २०२०. पुढच्या गाण्याला क्रम उलटा करा, डेमो, २०२०, २०१४, म्हणजे शेवटी ऐकलेलंच बरं वाटण्याची सवय निकालात येणार नाही. घुमारा चढण्याआधीचा त्याचा आवाज एकदा कानात बसला की कुठल्या मिक्सने त्यातलं काय ठेवलं आणि काय सोडलं ते गाण्यागणिक वेगळं सांगता येईल.